साडूच्या गालावरची लाली

आमच्या ह्यांना कुणाचाच हेवा वाटत नाही, असं हे स्वतः सांगतात. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली तेव्हा ह्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. थोरल्या दिरांनी दुमजली घर बांधलं, तिथे जाऊन पोटभर जेवून आले आणि तोंडभर कौतुक करून आले. एवढ्या मोठ्या जगात ह्यांनी पाण्यात पाहायला एकच माणूस निवडला, आणि तो नेमका माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे ह्यांचा सख्खा साडू.

त्यात दोघं एकाच दुकानात. सलून माझ्या वडिलांचं. त्यांना आम्ही दोघी मुलीच. दोघींना त्यांनी कारागीर नवरे शोधले, दोन्ही जावयांना दुकानात उभं केलं आणि मग स्वतःची कात्री खाली ठेवली. थोरल्या जावयाला दाराजवळची खुर्ची, धाकट्याला आतली. गिऱ्हाइकं तेव्हापासून ह्यांना थोरले आणि त्यांना धाकटे म्हणतात, म्हणून मीही धाकटेच म्हणते. मी दुकानात टॉवेल धुते, गरम करते, केस झाडते आणि डोळे उघडे ठेवते.

हात ह्यांचा चांगला. बायको म्हणून सांगत नाही. ह्यांनी मानेवर वस्तरा फिरवला तर गिऱ्हाईक डुलक्या घ्यायला लागतं. दाराजवळ उजेडही भरपूर. तरी बाकावरची माणसं आतल्या खुर्चीसाठी खोळंबून राहायची. हे रिकाम्या खुर्चीमागे कापड झटकत उभे राहायचे, "या ना, बसा," म्हणायचे, आणि गिऱ्हाईक पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचं, असू द्या, धाकट्यांचं होऊ दे. ह्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग हे आधीच धुतलेला कंगवा पुन्हा धुवायला घ्यायचे.

कारण काय, तर धाकट्यांचे गाल. कुणी नुसतं "कसं काय" विचारलं तरी धाकटे लाल व्हायचे. गालापासून सुरुवात व्हायची, मग मान, मग शर्टाच्या पहिल्या बटणापर्यंत. थोड्या वेळाने सगळं ओसरायचं. चांगला बाप्या माणूस, हातात वस्तरा, आणि लाजतो असा, याची लोकांना भारी गंमत वाटायची. कुणी त्यांना लाजाळू म्हणायचं, कुणी लाली आणण्यासाठी मुद्दाम चिडवायचं. शिवाय अंगाने सडपातळ. माझ्या आईचं एक पालुपद होतं, "धाकटे जावई बघा, अजून लग्नाच्या फोटोतल्यासारखे दिसतात." हे समोरच बसलेले असायचे, स्वतःच्या पोटावर हात ठेवून. सुटलेल्या पोटाचं कुणी कौतुक करत नाही.

खरं सांगायचं तर आईचं ते वाक्य मलाही टोचायचं. धाकटीला दिसायला देखणा नवरा मिळाला आणि मला कामाला वाघ, अशी वाटणी आईने मनातल्या मनात केली होती, आणि देखण्याचं माप जड होतं.

धाकट्यांचं पोट नाजूक. हेही घरात कौतुकानेच सांगितलं जायचं. जेवलं की त्यांना कळा यायच्या, मग संडासला पळायचे. आई त्यांच्यासाठी मऊ शिजवायची, बहीण त्यांच्या ताटाशी राखण करत बसायची. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. एकाने जंत म्हटलं, दुसऱ्याने आम्लपित्त म्हटलं. तोंडातून नळी घालून पाहिलं, खालून नळी घालून पाहिलं, दोन्हीकडे सगळं स्वच्छ. तेव्हा तिसरा म्हणाला की आतड्यांना काही नाही, मनावर ताण आहे. ताण कसला ते कुणालाच सांगता येईना. ह्यांच्या मते सगळा नखरा होता. एका साडूचं पोट जेवल्यावर दुखायचं, दुसऱ्याचं पहिल्याला पाहून दुखायचं, आणि मी दोघांच्या मध्ये टॉवेल घेऊन उभी.

आमच्या दुकानात वडिलांनी घालून दिलेला एक नियम अजून चालतो. कारागिराने स्वतःची दाढी स्वतः करायची नाही. सकाळी दार उघडायच्या आधी एकाने दुसऱ्याची करायची, मग दुसऱ्याने पहिल्याची. वडील म्हणायचे, ज्याच्या वस्तऱ्याखाली रोज मान द्यायची त्याच्याशी भांडण ताणता येत नाही. भांडण ह्यांनी कधी ताणलं नाही, ते खरं. पण रोज सकाळी तो गाल ह्यांच्या हाताखाली यायचा, आणि ह्यांनी तो फार बारकाईने पाहिला. आपल्याला जे मिळालं नाही ते माणूस जसं पाहतो, तसं.

पाहता पाहता ह्यांच्या ध्यानात आलं की ही लाज नव्हे. दुकानात कुणी नाही, कुणी काही विचारलेलं नाही, धाकटे डोळे मिटून खुर्चीत पडलेले, आणि गाल लाल. घरून न्याहारी करून आले की हमखास. शिवाय नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक तांबड्या शिरा उमटायला लागल्या होत्या. आता इतकी वर्षं चेहरे हाताळणाऱ्या माणसाला अशा शिरा म्हणजे काय ते ठाऊक असतं. आमच्याकडे येणाऱ्या पिणाऱ्या गिऱ्हाइकांच्या गालांवर त्या असतातच. ह्यांनी मला मागच्या खोलीत बोलावून, दार लोटून, आनंदाने चमकणाऱ्या डोळ्यांनी सांगितलं, "तुझा मेहुणा पितो."

मी म्हटलं, काहीतरीच काय. हे म्हणाले, पिणाऱ्याचा गाल मला कळतो.

त्यानंतरचे काही आठवडे ह्यांच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. आतली खुर्ची भरलेली असो, ह्यांना पर्वा नव्हती. हे पाळतीवर होते. धाकटे मागच्या संडासात गेले की हे खोलीत जाऊन फडताळं उघडून पाहायचे. दाढी करताना खाली वाकून श्वासाचा वास घ्यायचे. दाढीनंतर लावायच्या लोशनची बाटली उजेडात धरून किती उरलं ते बघायचे. वास कधी आला नाही, बाटली कधी सापडली नाही. त्यावरून धाकटे पीत नाहीत असं नव्हे, तर धाकटे महा पोचलेले आहेत असं ह्यांनी ठरवलं. घरी जेवताना हे मला त्या दिवसाचा वृत्तांत द्यायचे: आज कधी लाल झाले, किती झाले, छातीपर्यंत गेलं की मानेवर थांबलं. माझी तब्येत तेव्हा बरी नव्हती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. ते ह्यांना दिसलं नाही.

हे सगळं आईच्या कानावर घालायचं, तेही चारचौघांत, असा ह्यांचा बेत होता. पण पुरावा हवा होता. तेवढ्यात आमच्या गल्लीतले डॉक्टर केस कापायला आले. डॉक्टर नेहमीचे आतल्या खुर्चीचे. त्या दिवशी धाकटे पोट धरून घरी पडलेले, म्हणून नाइलाजाने दाराजवळ बसले. ह्यांनी त्यांच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं, एक बाजू कापून घेतली, आणि माणूस आता उठून जाऊ शकत नाही अशी खात्री झाल्यावर विषय काढला.

"डॉक्टर, धाकट्यांना तुम्ही पोटाच्या गोळ्या देता. त्यांना बाटली सोडायची गोळी द्या."

मी टॉवेलच्या डब्याशी उभी होते. लाजेने मेले. ह्यांनी मात्र साठवलेलं सगळं ओतलं. जेवलं की लाल होतात, कुणी बोललं नाही तरी होतात. बियरचा एक घोट आमच्यासमोर घेतला होता एका लग्नात, तर टोमॅटो झाले होते, म्हणजे घरी किती घेत असतील बघा. लाल झाले की पाठोपाठ संडासला पळतात. नाकाजवळ शिरा आल्यात. अंग झडत चाललंय, पिणाऱ्याचं झडतं तसं.

डॉक्टर आधी हसत होते. मग हसायचे थांबले. त्यांनी आरशातून ह्यांच्याकडे पाहत विचारलं, लाल होतात तेव्हा घाम येतो का. हे म्हणाले, छे, कोरडा ठणठणीत गाल असतो, गरम आणि कोरडा, माझ्या हाताला कळतं ना. तोंडाला वास? तेच तर, वास येऊ देत नाहीत. आणि हे किती वर्षांपासून? हे म्हणाले, लाली तर जुनीच आहे, पण आता आता ती फार वेळा येते.

डॉक्टरांनी स्वतःच गळ्यातलं कापड सोडलं. एक बाजू कापलेली, दुसरी कानावर लोंबतेय, तसेच उठले.

"डॉक्टर, उरलेलं?" हे म्हणाले.

"उरलेलं नंतर. ते घरीच आहेत ना? मला आधी त्यांचं पोट बघायचंय."

हे दारात उभे राहून अर्धं डोकं कापलेल्या डॉक्टरांना रस्त्याने जाताना पाहत राहिले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, आता पकडतील. 

डॉक्टरांनी धाकट्यांचं पोट दाबून पाहिलं, तेव्हा उजव्या बरगडीखाली यकृत हाताला लागलं. त्यांनी पिण्याबद्दलही विचारलं, आणि 'नाही' या उत्तरावर विश्वास ठेवला. मग चाचण्या सुरू झाल्या. पहिली चाचणी म्हणजे पूर्ण एका दिवसाची लघवी एका कॅनमध्ये साठवायची. धाकटे त्या दिवशीही कामावर आले, त्यामुळे तो कॅन दुकानाच्या मागच्या खोलीत, शाम्पूच्या कॅनशेजारी. हे दिवसभर त्यावर पहारा देत होते. मला शाम्पू आणायला पाठवायची ह्यांची छाती होईना.

त्या चाचणीआधी आणि त्या दिवशीही काही गोष्टी खायच्या नव्हत्या, त्यात केळं होतं. खाल्लं तर आकडा खोटा वाढतो. आई आली ती पदराखाली केळी घेऊन. पोर दिवसभर उभं राहतं, पोटात काही नाही, म्हणून धाकट्यांच्या हातात द्यायला निघाली. ह्यांनी ते केळं तिच्या हातातून काढून घेतलं, सोललं आणि उभ्या उभ्या खाऊन टाकलं. दुसरंही खाल्लं. आईने आजवर ह्यांच्यासाठी कधी दुकानात काही आणलं नव्हतं. पहिल्यांदा मिळालं तेही हिसकावून. आई रागाने लाल झाली आणि धाकटे पोट दुखत असून हसले.

चाचणीचा आकडा खूप वाढलेला आला. मग मोठ्या हॉस्पिटलात स्कॅन झाले. एका स्कॅनमध्ये शिरेतून असं औषध सोडतात की या जातीच्या गाठी तेवढ्या चित्रात उजळून दिसतात. लहान आतड्याच्या शेवटाकडे एक गाठ उजळली, तिच्या शेजारी काही, आणि यकृतात ठिकठिकाणी ठिपके. तिथल्या सर्जनबाईंनी आम्हाला सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं. लहान आतडं लांबलचक, वेटोळी घातलेलं. वरची नळी त्याच्या सुरुवातीपर्यंत जाते, खालची मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत, आणि मधलं सगळं दोन्हींना दिसत नाही. गाठ तिथे बसली होती. हा कर्करोग दुर्मीळ, सावकाश वाढणारा. या गाठी रक्तात एक द्रव्य सोडतात. त्यानेच जुलाब होतात, त्यानेच चेहरा लाल होतो. यकृत धड असतं तोवर ते या द्रव्याचा निकाल लावतं. चेहऱ्यावर लाली दिसायला लागली, याचा अर्थ बहुतेक वेळा रोग यकृतापर्यंत पोचलेला असतो.

म्हणजे लोक बाकावर बसून ज्याची वाट पाहायचे, चिडवून चिडवून जे आणायचे, ते हे होतं. माझ्या बहिणीने माझा हात घट्ट धरला. आई म्हणाली, पण रंग किती छान दिसायचा.

हे हॉस्पिटलाच्या पायऱ्या उतरले. खाली आल्यावर म्हणाले, "बघ, रोग झाला तोही दुर्मीळ. मला झाला असता तर साधा सर्दी-खोकला झाला असता." मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचा चेहरा रडवेला झाला होता. सवयीने जळत होते, एवढंच.

ऑपरेशन ठरलं. ते सोपं नव्हतं. चाकू लागला की या गाठी ते द्रव्य एकदम सोडू शकतात आणि रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून आदल्या दिवसापासूनच एक औषध शिरेतून सुरू ठेवलं. ऑपरेशनच्या सकाळी हे आपला वस्तरा आणि ब्रश रुमालात गुंडाळून वॉर्डात हजर. पोटावरचे केस हॉस्पिटलचा माणूस मशिनने काढून गेला होता. ते पाहून ह्यांचं बिनसलं. कुठेकुठे राहिलेत म्हणून दाखवून नर्सशी हुज्जत घातली. नर्सने चेहऱ्याची परवानगी दिली आणि सुटका करून घेतली.

मी वाडग्यात गरम पाणी धरून उभी होते. हे गळ्याशी आले तेव्हा धाकटे डोळे न उघडता बोलले.

"साडूभाऊ, डॉक्टरांना तुम्ही काय सांगितलं होतं ते मला माहितीये."

वस्तरा थांबला. "कुणी सांगितलं?"

"त्यांनीच विचारलं ना मला, पिता का म्हणून. हे त्यांच्या डोक्यात कुणी घातलं ते कळायला काय लागतं?"

ब्रशवरचा फेस खाली टपकत होता.

"राग आला होता," धाकटे म्हणाले. "मग वाटलं, इतकी वर्षं सगळे माझं कौतुक करत होते. लक्ष तुमचं एकट्याचं होतं."

"मान सरळ ठेवा," हे म्हणाले, आणि उरलेली दाढी इतक्या हळू केली की न्यायला आलेली माणसं ट्रॉली धरून दारात ताटकळली.

ऑपरेशन पार पडलं. आतड्याचा तो तुकडा आणि शेजारच्या गाठी काढल्या, यकृतातल्या मोठ्या काढल्या. बारीक राहिल्या. त्या सगळ्या काढता येत नाहीत असं बाई म्हणाल्या. त्यांना आवरायला दर महिन्याला कमरेत एक इंजेक्शन. माणूस त्यावर वर्षानुवर्षं काढू शकतो, पण लक्ष ठेवायला हवं.

धाकटे हॉस्पिटलात होते तोवर दुकानातली सगळी गिऱ्हाइकं ह्यांच्या खुर्चीवर. बाक भरलेला, दार उघडायच्या आधी बाहेर माणसं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी हे झुरले ते एका फटक्यात मिळालं. आणि प्रत्येक जण बसल्या बसल्या विचारायचा, धाकटे कसे आहेत? कापड गुंडाळताना धाकटे, कानामागचे केस काढताना धाकटे, उठताना धाकट्यांना नमस्कार सांगा. मी ह्यांचा वस्तरा धारेसाठी चामड्याच्या पट्ट्यावर घासण्याचा आवाज ऐकून ह्यांचं मन ओळखते. त्या दिवसांत ते पट्ट्याचं चामडं फाटायचं बाकी होतं. 

संध्याकाळी हॉस्पिटलात गेलो की वेगळंच. एकदा धाकट्यांची दाढी केलेली दिसली. ह्यांनी हनुवटी वर करून पाहिली आणि विचारलं, कुणी केली. वॉर्डातल्या माणसाने. खाली दोन ठिकाणी कापलेलं होतं. हे त्या माणसाला शोधायला निघाले होते, मी बाही धरून थांबवलं. दुसऱ्या दिवशी बहिणीने केली. तीही ह्यांना खपली नाही. म्हणाले, तिला काय कळतंय, ती उलट्या अंगाने वस्तरा फिरवते. आधी साडूवर जळणारा माणूस आता साडूच्या बायकोवर जळायला लागला, आणि माझी बहीण मला कोपऱ्यात घेऊन विचारते, ताई, भाऊजींचं बिघडलंय काय?

धाकटे दुकानात परत आले ते फिकट होऊन. इंजेक्शनने लाली बंद झाली होती. फार वेळ उभं राहवत नसे, म्हणून दोन-चार डोकी करायचे आणि बसायचे. गल्लीतल्या डॉक्टरांनी, आता तेही ह्यांच्याच खुर्चीवर बसायला लागले होते, ह्यांना एक काम लावून दिलं. रोज सकाळी गाल तुमच्या हाताखाली असतो, लाली परत दिसली तर त्याच दिवशी मला कळवा. झालं. ह्यांना कुणी राज्य दिलं असतं तर इतके खूश झाले नसते. सकाळी पाठीमागचा दिवा लावायचे, धाकट्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवायचे, पालथा हात आधी एका गालाला, मग दुसऱ्या. बहिणीने कधी म्हटलं की काल जेवल्यावर जरा लाल वाटले, तर ह्यांना राग यायचा. त्या गालावरचं आपल्याआधी दुसऱ्याला कसं कळलं, असा.

बरेच महिने गाल गार आणि पांढरा राहिला. मग एका सकाळी एक जुने मास्तर लवकर आले. धाकटे खुर्चीत, हे वस्तरा पुसत होते. मास्तर दारातूनच म्हणाले, "वा, लाजाळू परत आले की! किती दिवसांनी रंग चढलाय गालांवर."

ह्यांनी मला विचारलं, टॉवेल किती गरम होता. 

टॉवेल माझ्या हातातच होता. अजून दिलाच नव्हता.

ह्यांनी पालथा हात गालाला लावला आणि तिथेच ठेवला. धाकट्यांनी आरशातून विचारलं, "आहे का हो?" हे म्हणाले, आहे. मास्तर अजून हसत होते. त्यांना काय माहीत. हे त्यांच्यावर उखडले, "गुरुजी, त्यांच्या रंगाचं कौतुक इथे कुणी करायचं नाही." मग मास्तरांकडे न बघता धाकट्यांचा दंड धरून बाहेर पडले.

इंजेक्शन पुरेनासं झालं होतं. यकृतातले ठिपके वाढले होते. सर्जनबाईंनी दुसऱ्या विभागात पाठवलं. तिथे किरणोत्सर्गी औषध शिरेतून देतात. ते त्या जातीच्या गाठी शोधून त्यांना चिकटतं आणि तिथेच काम करतं. काही आठवड्यांच्या अंतराने एकेक डोस, आणि दर डोसानंतर काही दिवस माणसांपासून लांब राहायचं. ते एक वेळ ह्यांनी सोसलं असतं. पण औषधाने रक्तातल्या पेशी कमी होतात, कापलं तर रक्त थांबत नाही, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की उपचार संपून रक्त सुधारेपर्यंत चेहऱ्याला वस्तरा लावायचा नाही. कुणीच लावायचा नाही. 

निदान कुणीच नाही, एवढं एक समाधान.

धाकट्यांची दाढी वाढत गेली. ह्यांची दाढीही वाढली, कारण स्वतःची स्वतः करायची नाही हा नियम, आणि दुसऱ्या कुणापुढे मान द्यायला हे तयार नाहीत. गिऱ्हाइकं हसायची, सलूनचा कारागीर आणि हा अवतार. हे कुणाला काही सांगत नसत. रात्री उशीला घासून खरखर व्हायची, ती मी सोसली. 

शेवटचा डोस झाला, रक्त सुधारलं. स्कॅन अजून व्हायचा होता. डॉक्टरांनी वस्तऱ्याची परवानगी दिली त्या दिवशी हे धाकट्यांना दुपारी दुकानात घेऊन आले आणि बाहेरून कडी लावायला मला सांगितलं. मग लक्षात आलं की मीही आतच हवी, म्हणून आतून लावली. खुर्चीत बसवण्याआधी ह्यांनी त्यांना मागच्या खोलीत बसवून पोटभर जेवायला घातलं. मऊ नाही, सगळ्यांसारखं. जेवणानंतर लाली यायची असेल तर ती दाढी होईपर्यंत येते, हे ह्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

मग कात्रीने दाढी उतरवली. साबण लावला. हे एकेक पट्टा काढत होते आणि खालून चेहरा निघत होता, ओळखीचा, पण आत बसलेला. कानापासून सुरुवात केली, गाल, हनुवटी, गळा. शर्टाचं पहिलं बटण उघडून छातीकडेही पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं नाही. झाल्यावर पुन्हा साबण लावला आणि पुन्हा तितक्याच हळू सगळं केलं. धाकटे डोळे मिटून होते, पण हातांनी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या होत्या.

ह्यांनी गार पाण्याने तोंड पुसलं, दिवा जवळ ओढला आणि चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला. एका बाजूने पाहिलं. दुसऱ्या बाजूने पाहिलं. पालथा हात लावला, मग ओंजळच लावून ठेवली.

"पांढरा आहेस," हे म्हणाले. "पांढराफटक."

इतकी वर्षं अहो-जाहो चालायचं दोघांत. धाकट्यांनी डोळे उघडले. म्हणाले, "आता माझ्या खुर्चीवर कुणी बसणार नाही, साडूभाऊ."

"नको बसू दे. माझी खुर्ची तू घे. आता माझी दाढी कर." आणि ह्यांनी स्वतःची जंगल झालेली हनुवटी पुढे केली. धाकटे उठले, हे बसले, आणि धाकट्यांच्या वस्तऱ्याखाली ह्यांनी मान टाकून डोळे मिटले. गाल दोघांचेही ओले होते.

मी टॉवेल घेऊन तिथेच उभी. आरशात मीही होते, दोघांच्या मागे, डोळ्यांखालचं काळं तसंच. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझा चेहरा ह्यांनी असा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे कधी वळवला नाही. मी टॉवेल गरम पाण्यातून काढला आणि पिळला, जरा जास्तच जोरात.